बालवाडी-पोच शर्यत

आमच्या गावाला एक ऐतिहासिक धोका लाभलेला आहे. इतर गावांना किल्ले लाभतात, तळी लाभतात, थोर माणसांचे जन्म लाभतात. आमच्या वाट्याला एक वळण आलं. आजोबांच्या पिढीत गावाभोवतीच्या रस्त्यावर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपासून गाड्या सुटायच्या, पेठेतून सुसाट जायच्या आणि उताराच्या तळाशी जे काटकोनी वळण आहे तिथं येऊन बहुतेक कायमच्या थांबायच्या. त्या वळणाला लोक हाडमोड्या म्हणतात. पुढे पुढे शर्यत जिंकणारे सोडाच, शर्यत पुरी करणारेही मिळेनासे झाले. बक्षीस द्यायचं कुणाला, असा प्रश्न उभा राहिला आणि शर्यत बंद झाली. रस्ता मात्र बंद झाला नाही. शर्यतीच्या गाड्यांसाठी अतिधोकादायक ठरल्यामुळे तो सर्वसामान्य रहदारीसाठी खुला करण्यात आला.

या हाडमोड्यावरच आमचं घर. तळमजल्यावर एका अंगाला माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि दुसऱ्या अंगाला वहिनीची बालवाडी. दादा बोटीवर नोकरीला असतो, त्यामुळे घरात शब्द वहिनीचा चालतो. दादा घरी असतो तेव्हाही तिचाच चालतो, फक्त तेव्हा ऐकायला आम्ही दोघं असतो.

वहिनीचं मागणं एवढंच होतं की, बालवाडीसमोर लोखंडी कठडा बसवावा. उतारावरून भरधाव आलेल्या गाडीपुढं या वळणावर दोनच मार्ग असतात, एक तर वळायचं, नाहीतर बालवाडीत प्रवेश घ्यायचा. आमच्या कुंपणाच्या भिंतीनं आजवर एक टेम्पो, भाजीची गाडी आणि कितीतरी स्कूटर यांना प्रवेश नाकारला आहे. प्रत्येक वेळी भिंत पडते, प्रत्येक वेळी आम्ही ती बांधतो. नशीब बलवत्तर म्हणून दर वेळी सुट्टी तरी असायची, नाहीतर पोरं आत बसून गाणी म्हणत असायची. पण नशिबाच्या भरवशावर बालवाडी चालवायची नाही, हे वहिनीचं म्हणणं, आणि त्यासाठी ती दर महिन्याला रस्तेसाहेबांकडे जायची.

नगरपालिकेत रस्त्यांचं खातं बघतात म्हणून ते रस्तेसाहेब. माणूस भला आहे. नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढाच काय तो दोष. पण नियम सगळेच्या सगळे पाठ असल्यामुळे त्यांना पाऊल टाकायला जागाच उरलेली नाही.

"भिंतीला धडका बसतात, हे मला मान्य आहे," ते वहिनीला म्हणायचे. "पण कठडा देताना अपघातग्रस्त व्यक्ती दाखवावी लागते. भिंत ही व्यक्ती नाही."

"भिंतीच्या आत व्यक्ती आहेत, साहेब. एवढ्या एवढ्या. तुमची नातसुद्धा आहे."

"आत आहेत ना? सुखरूप आहेत ना? म्हणजे भिंत आपलं काम चोख करतेय. एवढी कार्यक्षम भिंत असताना वर कठडा कशाला?"

वहिनी पाय आपटत घरी यायची आणि राग माझ्यावर काढायची. मी डोळ्याला भिंग लावून बसायचो. भिंग लावलेल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

अशात एके दिवशी बातमी आली की, शर्यतीच्या गाड्या परत येणार. त्याचं कारणही तसंच होतं. नव्या शर्यतमार्गांवर सुरक्षेचा इतका अतिरेक झाला होता म्हणे की, प्रेक्षक जांभया देऊ लागले. कुणी उलटेना, कुणी पेटेना. तेव्हा आयोजकांनी ठरवलं की, नव्या गाड्या एकदा जुन्या, अस्सल धोक्यावर चालवून बघाव्यात. अस्सल धोके आता जगात फार थोडे उरलेत. त्यांनी आमच्या नगराध्यक्षांना कळवलं की, आपल्या पूर्वजांचा धोका आपण कोणतीही सुधारणा न करता जसाच्या तसा जपलात, याबद्दल आपलं अभिनंदन. नगराध्यक्षांनी नम्रपणे उत्तर दिलं की, यात आमचं कर्तृत्व काही नाही, आम्ही काहीच केलेलं नाही. हे त्यांचं आजवरचं सर्वांत खरं विधान असावं.

मग आयोजकांचा तपासनीस आला. त्याचं काम सुरक्षेचं. सडपातळ, गंभीर चेहऱ्याचा माणूस. हाडमोड्यावर तो उतारानं चालत आला, वळणावर थांबला आणि एकदम पांढराफटक पडला. रस्तेसाहेब त्याच्या शेजारीच उभे होते, छाती जरा फुगवून.

"इथून गाड्या जातात?" तपासनीसानं विचारलं.

"रोज," रस्तेसाहेब म्हणाले. "दूधवाला जातो, गॅसवाला जातो. पोरांना सोडायला आईबाप येतात."

"दूधवाल्याच्या अंगावर आगीपासून वाचवणारा पोशाख असतो?"

"शर्ट असतो."

"डोक्याला शिरस्त्राण?"

"असतं. घरी ठेवलेलं असतं. नवंकोरं आहे अजून."

"आणि मानेला आधार देणारा पट्टा?"

"तो अपघातानंतर मिळतो," रस्तेसाहेबांनी समजावून सांगितलं.

तपासनीसानं हातातली वही मिटली. मग त्यानं सांगितलं की, जगातले सर्वोत्तम चालक, जगातल्या सर्वोत्तम गाड्या घेऊन, अंगभर चिलखत घालूनसुद्धा या वळणावरून जाऊ शकत नाहीत. त्यासाठी इथं दुहेरी पोलादी कठडा लागेल, त्यापुढं टायरांची रास लागेल, आगीचा बंब लागेल आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर लागेल. रस्तेसाहेब म्हणाले, "हां, त्यांच्यासाठी लागणारच. ते काय दूधवाले आहेत?"

आणि काय सांगू, ज्या कठड्यासाठी वहिनीच्या चपला झिजल्या, तो बघता बघता उभा राहिला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसा एक मागितला होता तर दुहेरी मिळाला. वहिनी दारात उभी राहून तो न्याहाळत होती. तिचे डोळे भरून आले होते. एरवी ती पोरांच्या गुडघ्यातलं रक्त बघूनही डोळ्यांत पाणी आणत नाही.

"भाऊजी, हात लावून बघा," ती म्हणाली. "हलतसुद्धा नाही हो!"

मी हात लावला. खरंच हलत नव्हता.

शर्यतीचा दिवस उजाडला. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या आल्या त्या पाहून डोळे दिपले. पण त्या गाड्या म्हणजे इतक्या शहाण्या की, वळण दिसण्याआधीच त्यांना त्याची कुणकुण लागायची आणि त्या आपण होऊन वेग कमी करायच्या. चालकाला भीती वाटायची गरजच नव्हती, ते काम गाडी करायची. कुणाला ओरखडाही उठला नाही. डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणत लोक घरोघर परतले. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ तर फारच हिरमुसले होते.

"आमच्या वेळी शर्यत बघायला मजा यायची," ते म्हणाले.

"आजोबा, तुमच्या वेळी माणसं मरायची."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार कठडा उचकटायला आले. वहिनी हात पसरून कठड्याला पाठ लावून उभी राहिली. पोरांना वाटलं की नवा खेळ आहे, म्हणून तीही तिच्या शेजारी हात पसरून उभी राहिली. कामगारांनी रस्तेसाहेबांना बोलावून आणलं.

"बाई, समजून घ्या," रस्तेसाहेब म्हणाले. "कठडा हा शर्यतमार्गाचा भाग आहे. शर्यत संपली की, याचा परत रस्ता होतो. रस्त्याला कठडा मंजूर नाही."

"आणि ही पोरं?"

"पोरं रस्त्याच्या अखत्यारीत येतात."

"म्हणजे ताशी तीनशेच्या वेगानं जाणाऱ्याला कठडा, आणि बोट धरून जाणाऱ्याला काही नाही?"

"नियम वेगाला धरून आहे, बाई. धोका पत्करणाऱ्याला संरक्षण मिळतं. तुमची पोरं धोका पत्करत नाहीत. ती नुसती धोक्यात असतात."

"मग शर्यत संपलीच नाही असं समजा ना!" वहिनी तडकून म्हणाली.

ती हे रागानं म्हणाली होती. पण रस्तेसाहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी पोरांच्या रांगेकडे पाहिलं. त्यांची नात एका बाजूला हात पसरून उभी होती आणि आजोबांना जीभ दाखवत होती. त्यांनी डोळे मिटले. पाठ असलेल्या नियमांमधून ते फिरून येत असावेत.

"तसं करता येईल," ते हळूच म्हणाले. "कामाच्या प्रत्येक दिवशी इथं एक शर्यत होत असेल, तर शर्यतमार्गाचा दर्जा कायम राहतो. मला सांगा, इथं रोज काय होतं?"

"पोरं येतात."

"कशी येतात?"

"आईबाप आणून सोडतात. स्कूटरवर, सायकलवर, गाडीतून."

"सावकाश?"

"छे हो! ऑफिस गाठायचं असतं त्यांना. जीव मुठीत धरून येतात."

"एकमेकांच्या पुढं घुसतात?"

"घुसतात की. वर भांडतातही."

"मग ही शर्यतच आहे, बाई," रस्तेसाहेब सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. "नुसती नोंद व्हायची राहिली होती."

अशा रीतीनं 'दैनंदिन बालवाडी-पोच शर्यत' अस्तित्वात आली. आरंभ टेकडीवरच्या टाकीपाशी आणि शेवट बालवाडीच्या फाटकापाशी. घड्याळांशी संबंध असलेला गावातला मी एकमेव माणूस, म्हणून मला वेळाधिकारी नेमण्यात आलं. दंडावर बांधायला एक पट्टी मिळाली. ती मी घरातही काही दिवस बांधत होतो, हे वहिनी सगळ्यांना सांगते. त्यात फारसं तथ्य नाही. कठडा राहिला. त्या दिवशी वहिनीनं माझ्या चहात न मागता साखर जास्त घातली.

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. शर्यत फक्त नावाला होती. आईबाप नेहमीसारखे यायचे, उलट कठडा बघून थोडे सावकाशच यायचे. पोरं कठड्याच्या आतून उड्या मारत फाटकात शिरायची. पण चांगलं चाललेलं कुणाला बघवतं? तपासनीसाच्या कार्यालयातून माणूस येऊन गुपचूप पाहणी करून गेला आणि अहवाल आला की, सदर शर्यत बनावट असल्याचा संशय आहे. एक स्पर्धक दुसऱ्या स्पर्धकाशी गप्पा मारत थांबलेली आढळली. एका स्पर्धकानं तर शेवटच्या रेषेपाशी दुसऱ्याला "आधी तुम्ही, आधी तुम्ही" असं म्हटलं. शर्यतमार्गावर "आधी तुम्ही" म्हणणं हा अत्यंत गंभीर गैरप्रकार आहे. तरी स्पर्धकांमध्ये जिंकण्याची किमान इच्छा दिसून न आल्यास दर्जा रद्द करून कठडा काढण्यात येईल.

वहिनीनं पालकांची सभा बोलावली. बालवाडीतल्या बोटभर खुर्च्यांवर सगळे गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. वहिनीनं परिस्थिती सांगितली. सगळ्यांच्या मनात पोरांचीच काळजी होती, यात मला आजही शंका नाही.

"मुलांसाठी एवढं तरी करायलाच हवं," गावातले दातांचे डॉक्टर म्हणाले. "मी उद्यापासून जरासा पुढं जाईन. नावापुरता."

"मग मीही येते तुमच्या पुढं. नावापुरतीच," बँकेतल्या मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच सतरंजीवर बसायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नावापुरते पुढं गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई नावापुरत्या त्यांच्याही पुढं गेल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गाडीचे टायर बदलले. ज्या बापांना बालवाडी कुठल्या गल्लीत आहे हे ठाऊक नव्हतं, ते "आज मी सोडतो त्याला" म्हणत बायकोच्या हातून किल्ली ओढून घेऊ लागले. बायका म्हणाल्या, चला, बापाला पोराची ओढ लागली एकदाची. ओढ लागली होती, हे खरं. पेठेतले शिंपी सायकलवरून येत. त्यांनी वाऱ्याचा अडथळा नको म्हणून मिश्या काढल्या. संध्याकाळी माझ्या दुकानात लोक जमू लागले. घड्याळ दाखवायचं निमित्त करून विचारायचे, "काय हो, आज आपला वेळ कसा लागला?" मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला हा मान आवडत होता.

मग पोरांच्या वजनाचा मुद्दा निघाला. ज्या बापाला पोराचा वर्ग सांगता येत नव्हता, त्याला आता पोराचं वजन तोंडपाठ झालं. आधी पाण्याची बाटली घरी राहिली. मग डबा राहिला, मग दप्तर. मग एका सकाळी थंडीच्या दिवसांत पोरं स्वेटरशिवाय आली. वहिनी त्या दिवशी सगळ्यांना कडाकडा बोलली आणि सगळ्यांनी माना खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर विक्रमी वेळेत फाटकाशी पोहोचले. मागचं दार उघडून वहिनी बघते तर आत कुणीच नाही.

"बाळ कुठंय?"

"घरी," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "आज म्हटलं, नुसतं बघू या तरी, कसं जातंय ते."

वहिनी तशीच रस्तेसाहेबांकडे गेली. ही बालवाडी-पोच शर्यत आहे, तर मूल पोचवणं सक्तीचं करा, असं तिचं साधं म्हणणं. रस्तेसाहेबांनी डोळे मिटले, नियमांतून फिरून आले आणि अतिशय दुःखी होऊन म्हणाले, "बाई, तुम्ही लक्षात आणून दिलंत ते बरं झालं. शर्यतीच्या वाहनात चालकाखेरीज कुणीही असता कामा नये, असा सुरक्षेचा स्पष्ट नियम आहे. इतके दिवस आपण मुलांना बसू देत होतो, हे फार धोक्याचं झालं. उद्यापासून मुलं बंद."

"अहो, पण शर्यत मुलांसाठी आहे ना?"

"मुलांच्या सुरक्षेसाठी आहे. मुलं घरी असली की सुरक्षित आहेत. तुमची मागणी पूर्ण झाली, बाई."

वहिनी घरी आली आणि पायसुद्धा न आपटता पायरीवर बसली. तेव्हा मला कळलं की, प्रकरण गंभीर आहे. मी डोळ्याचं भिंग काढलं.

"भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय, भाऊजी," ती म्हणाली. "कठडा आहे, आणि पोरंच नाहीत. मी आता त्या टायरांना गाणी शिकवू का?"

मला फार वाईट वाटलं. मी उठून चहा केला. तो चांगला झाला नव्हता, तरी तिनं तो पुरता प्यायला.

पोरं घराघरांत आजी-आजोबांच्या गळ्यात पडली. इकडे बालवाडीच्या अंगणात प्रेक्षक जमू लागले, कारण कठड्याच्या आतली ती सर्वांत सुरक्षित जागा होती. पोरांच्या खुर्च्यांवर उभं राहून लोक ओरडायचे. बालवाडीच्या वेळेत बालवाडी इतकी भरलेली कधी नव्हती. रस्तेसाहेबांच्या खात्याला गौरवपत्रही मिळालं. या मार्गावर बालकांचे अपघात शून्य.

"बालकंच शून्य आहेत, साहेब," वहिनी म्हणाली.

"ते विश्लेषण झालं, बाई. गौरवपत्र आकड्याला मिळतं."

वहिनी तरी रोज वेळेवर सतरंजी अंथरायची. एकच पोर येत होतं. त्याच्या घरी वाहनच नव्हतं, म्हणून ते स्पर्धकही नव्हतं. आजोबांचं बोट धरून, शर्यत उरकली आणि गर्दी पांगली की ते चालत यायचं. यायलाही वेळ लावायचं, कारण वाटेत त्याला सगळ्याची चौकशी करायची असायची. दगडाची, पानाची, मांजराची. वहिनी त्या एकट्यासाठी सगळी गाणी म्हणायची, समूहगीतंसुद्धा.

आणि मग वार्षिक अंतिम फेरी आली. वर्षभराच्या वेळा जुळवून दोनच स्पर्धक उरले होते, डॉक्टर आणि मॅनेजरबाई. अख्खा गाव दोन तटांत विभागला होता. दात दुखला तरी मॅनेजरबाईंच्या तटातली माणसं डॉक्टरांकडे जात नव्हती. नगराध्यक्षांनी टाकीपाशी भाषण सुरू केलं आणि 'वेग' या विषयावर ते इतका वेळ बोलले की, शर्यत सुटायला चांगलाच उशीर झाला. एरवी या वेळेपर्यंत सगळं उरकून गर्दी पांगलेली असायची. आजोबा आणि नातू आपल्या नेहमीच्या वेळी घरातून निघाले होते. त्यांना या उशिराचं कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ते स्पर्धक नव्हते.

वळणाच्या ऐन मध्यावर मुंग्यांची रांग चालली होती. पोर तिथं उकिडवं बसलं. आजोबाही वाकून बघू लागले. वर पेठेच्या टोकाला दोन्ही गाड्या एकदमच दिसल्या आणि उतारावरून खाली सुटल्या.

अंगणातून एकच गिल्ला झाला. "ए, बाजूला हो!" "अहो आजोबा, डोळे फुटले का, शर्यत चालू आहे!" "उचला कुणीतरी त्याला, वेळ जाईल!" ओरडत सगळे होते, उतरलं कुणी नाही. कठडा भक्कम होता आणि आम्ही सगळे त्याच्या आत होतो. आजोबा आवाजानं गोंधळून गेले, पुढं जावं की मागं हे त्यांना कळेना. पोरानं आमच्याकडे बघून हात हलवला. त्याला वाटलं की, आम्ही त्यालाच हाका मारतोय.

वहिनी कठड्यावर चढली. चप्पल एकीकडे, ती एकीकडे. मी तिला आयुष्यात कधी पळताना पाहिलं नव्हतं. तिनं पोराला काखेत मारलं, आजोबांचा दंड धरला आणि दोघांना खेचलं ते थेट टायरांच्या राशीच्या मागं. ब्रेक असे किंचाळले की माझ्या दुकानातली सगळी घड्याळं थरथरली. दोन्ही गाड्या गिरकी घेत शेवटच्या रेषेवरून सरकल्या आणि एक फाटकाच्या या बाजूला, एक त्या बाजूला टायरांत घुसून थांबली.

कुणाला काही झालं नाही. हे आधी सांगून टाकतो. डॉक्टर गाडीतून उतरले. ते तिथंच टायरावर बसले आणि "पोर कुठंय, पोर कुठंय" एवढंच म्हणत राहिले. मॅनेजरबाई आजोबांचा हात धरून हमसून हमसून रडत होत्या. अंगणातले लोक एकेक करून पोरांच्या खुर्च्यांवरून खाली उतरले. वहिनीच्या काखेतून पोर म्हणालं, "बाई, मुंग्या मेल्या का?"  वहिनी पोराला घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून गाणं ऐकू येऊ लागलं. आवाज थरथरत होता, पण गाणं पुरं झालं.

त्याच आठवड्यात वहिनीनं गवंडी बोलावून मागची भिंत फोडली आणि तिथं दार काढलं. मागं अरुंद बोळ आहे, दोन्ही बाजूंना कपडे वाळत घातलेले असतात. तिथून स्कूटरसुद्धा जात नाही. पोरं आता त्या बोळातून चालत येतात, ओल्या चादरींखालून वाकून. डॉक्टरांचं आलं, मॅनेजरबाईंचं आलं, हळूहळू सगळी आली. रस्तेसाहेब नातीचं बोट धरून येतात. बोळ कोणत्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे तिथं ते नियमांशिवाय चालतात आणि चक्क हसतात. पुढच्या बाजूला शर्यत अजून चालू आहे. नवे स्पर्धक आहेत, परगावाहूनही येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना पोरं नाहीत. कठडा कायम आहे. दंडावरची पट्टी मी परत केली.

माझ्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ही हकीकत सांगतो. सगळे मन लावून ऐकतात. हळहळतात. काय हे हल्लीचे आईबाप, म्हणतात. आमच्याकडे असलं चालायचं नाही, म्हणतात. वहिनीचं कौतुक करतात. मग घड्याळाचा पट्टा बांधता बांधता जरा पुढं झुकून, आवाज खाली आणून प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, "पण काय हो, रेषा आधी कुणी ओलांडली, डॉक्टरांनी की मॅनेजरबाईंनी?"

मी सांगत नाही. वहिनीनं बजावून ठेवलंय. आणि तुम्ही मघापासून हेच विचारायला टपून बसला होतात, तेही माझ्या ध्यानात आलेलं आहे. त्या पोराचं नाव काय, हे मात्र आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा.